पिशवी का काढली?

२०२३ च्या पावसाळ्यात कळव्याच्या एका दवाखान्यात झालेला संवाद मला शब्दन्‌शब्द आठवतो, कारण मी शेजारच्याच स्टुलावर बसले होते.

“आधी काही ऑपरेशन वगैरे?”

“पिशवी काढलीय.”

“बरं. शुगर, बीपी?”

एवढंच. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि छातीला नळी लावली.

‘पिशवी काढलीय’ म्हणणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाई. घरात सगळे त्यांना वहिनी म्हणतात, मीही. दीड महिना कोरडा खोकला होता. एक्स-रेत उजव्या फुप्फुसावर डाग दिसला. थुंकीत काही सापडलं नाही, पण वजन उतरलं होतं, संध्याकाळी कसकस असायची, आणि आपल्याकडे अशा डागाला पहिलं नाव टीबीचंच मिळतं. गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या महिन्यात खोकला वाढला, एका डागाचे तीन झाले. मग सीटी स्कॅन, मग फुप्फुसातून सुईने काढलेला तुकडा, मग त्याचा रिपोर्ट. टीबी नव्हताच. नऊ वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या तोंडाशी झालेला, वेळेत सापडलेला, ऑपरेशन करून पुरता काढलेला कॅन्सर फुप्फुसात उगवला होता.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. वहिनी तरी कुठे खोटं बोलल्या? पिशवी काढली होतीच. पण महाराष्ट्रात हे वाक्य इतकं घासून गुळगुळीत झालंय की ते ऐकून कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. कुणाला फायब्रॉइड होते म्हणून काढली, कुणाच्या अंगावर फार जायचं म्हणून, कुणाला डॉक्टर म्हणाले ‘आता काय उपयोग, पुढे कॅन्सर होईल’ म्हणून. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक. त्यातल्या कितींची कशासाठी काढली, हा त्या वेळच्या सगळ्या गदारोळाचा मुद्दा होता, आणि नेमकी तीच माहिती या वाक्यात नसते. ऐकणाऱ्याला कळतं की एक अवयव गेला. तो का गेला, ते कुणी विचारत नाही, आणि बाई आपण होऊन सांगत नाही.

कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या आजाराची आठवण आज फक्त त्या बाईकडे असते. ती तिच्या एकटीच्या डोक्यावर टाकणं हा उपचारातला दोष आहे, असं माझं म्हणणं आहे. टाके काढले, बिल निघालं, योजनेचे पैसे जमा झाले, की व्यवस्थेच्या लेखी बाई बरी झाली. ते खरंही असतं बहुतेक वेळा. पण ‘बहुतेक’ आणि ‘नेहमी’ यांच्या मधल्या फटीत ज्या बायका राहतात, त्यांच्यासाठी आपल्याकडे साधी वहीसुद्धा नाही.

ही फट किती, ते आधी नीट सांगते, कारण घाबरवायला हा लेख नाही. पहिली स्टेज म्हणजे कॅन्सर गर्भाशयाच्या तोंडाबाहेर गेलेला नाही. तिच्यातही पोटभेद आहेत आणि ते मिलिमीटरवर ठरतात. खोली तीन मिलिमीटरच्या आत असली तर एक गट, तीन ते पाच असली तर दुसरा, पाचच्या पुढे तिसरा. बाजरीच्या दाण्याच्या लांबीएवढ्या फरकावर ठरतं की बाईच्या गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा काढून भागेल, की साधी पिशवी काढायची, की पिशवीबरोबर आजूबाजूचा पदर आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड्स, याही काढायच्या. हे शेवटचं मोठं ऑपरेशन व्हिएन्नात एर्न्स्ट वेर्टहाइम यांनी १८९८ साली केलं. आपल्या ऑपरेशन थिएटरांत अजूनही त्याला ‘वर्दाइम’च म्हणतात. अगदी सुरुवातीचा, तीन मिलिमीटरच्या आतला कॅन्सर परत येणं फारच विरळा. मोठं ऑपरेशन लागलेल्या, पण ग्रंथी कोऱ्या निघालेल्या बायकांमध्येही दहातल्या नऊ जणींना तो पुन्हा दिसत नाही. परत आला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि तोही जवळपासच, योनीच्या वरच्या टोकाशी किंवा ओटीपोटाच्या भिंतीला. पाच वर्षांनंतर येणारे थोडे. दहा वर्षांनंतर फुप्फुसात, मानेच्या गाठीत, हाडात आलेलेही आहेत, वैद्यकीय नियतकालिकांत त्यांच्या नोंदी छापून येतात. पाच वर्षं हा आकडा आपण लक्ष्मणरेषा समजतो. तो हिशेबाच्या सोयीसाठी मारलेला खुंटा आहे.

वहिनींची गाठ १.८ सेंटिमीटरची होती. २२ ग्रंथी काढल्या, एकीतही कॅन्सर नव्हता. कडा मोकळ्या. शेक, म्हणजे रेडिएशन, लागले नाहीत. त्या वेळी सगळे म्हणाले, नशीबवान. २०१४ चा तो रिपोर्ट मी इतक्यात बरेचदा वाचला. दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत, इतर ओळींसारख्याच अक्षरात छापलंय: ‘लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन: प्रेझेंट’. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक वाहिन्यांच्या आत कॅन्सरच्या पेशी दिसल्या होत्या. तेवढ्यावरून शेक देत नाहीत. गाठ किती मोठी, किती खोल गेली आणि वाहिन्यांत शिरली का, या तिन्हींचा मेळ बघतात. वहिनी त्या मेळात बसत नव्हत्या, तेव्हाचा निर्णय बरोबरच होता. पण कुणीतरी ती ओळ बोटाने दाखवून सांगायला हवं होतं की बाई, सगळं निघालंय, तरी एखादी पेशी त्याआधीच वाटेला लागलेली असू शकते. म्हणून पुढे कधीही, कितीही वर्षांनी, डॉक्टरकडे गेलात की हे आधी सांगा. दोन मिनिटांचं काम. डिस्चार्ज कार्डावर शेवटी लिहिलं होतं: ‘रिव्ह्यू इन ओपीडी’. इंग्रजीत, तिरक्या अक्षरात. वहिनी सातवी शिकलेल्या.

आता टीबीची गंमत. गंमत म्हणायचं ते एवढ्यासाठी की नंतर त्यावर वहिनी स्वतःच हसल्या. गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात त्यांचं नाव निक्षयच्या, म्हणजे टीबीच्या रुग्णांच्या सरकारी यादीत गेलं, एक क्रमांक मिळाला. पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये खात्यात येणार म्हणून पासबुकाची झेरॉक्स नेली. आणि फोन सुरू झाले. “काकू, गोळ्या घेताय ना? मळमळतंय का? घरातल्या लहान मुलांची तपासणी झाली का?” एक मुलगी होती, आवाजावरून पंचविशीची असेल, फार आस्थेने बोलायची. एकदा दारातही येऊन गेली, कळव्याच्या त्या चढावरच्या गल्लीत, भर पावसात. चार महिने. निदान बदललं ते तिला सांगितलं, तेव्हा ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, “अरे देवा. बरं काकू, मग आपल्याकडची केस मी बंद करते हं. काळजी घ्या.” फोन थांबले.

म्हणजे जो आजार नव्हता त्यासाठी व्यवस्थेने चार महिन्यांत पंधरा फोन केले, आणि जो होता त्यासाठी नऊ वर्षांत एकही नाही. टीबी २०१२ पासून सरकारला कळवावाच लागतो, तो संसर्गजन्य आहे, एकाचा दुसऱ्याला होतो, म्हणून ही सगळी यंत्रणा उभी राहिली, हे मला मान्य आहे. पण ती उभी राहू शकते, फोन करणारी मुलगी मिळते, यादी बनते, बाई सापडते, हेही त्यातून सिद्ध झालं ना? ‘आपल्याकडे शक्य नाही’ हे उत्तर मग मला कुणी देऊ नये.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. आमच्या ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंशी मी यावर वाद घातला. त्या म्हणाल्या, “अगं, ओपीडीत उभं राहायला जागा नाही. नऊ वर्षांपूर्वीच्या बायकांच्या मागे कोण धावणार? आणि धावून करायचं काय? दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन?” पेट स्कॅनबद्दल त्यांचं खरं आहे. काही त्रास नसलेल्या बाईला वर्षानुवर्षं स्कॅनच्या बोगद्यात घातल्याने तिचं आयुष्य वाढतं, असा भक्कम पुरावा नाही. खर्च मात्र नक्की होतो, आणि नसत्या ठिपक्यावरून महिनाभर झोप उडते. ठाणे स्टेशनबाहेर ‘फुल बॉडी चेकअप’चे कागद वाटणारी मुलं पाहिली की मला डॉक्टर बाईंचं म्हणणं आणखी पटतं. ऑपरेशननंतरच्या तपासणीची साधारण पद्धत अशी: पहिली दोन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, पुढची तीन वर्षं सहा महिने ते वर्षाने, मग वर्षातून एकदा, प्रत्येक वेळी विचारपूस आणि हाताने तपासणी. स्कॅन लक्षण दिसलं तर. वहिनींनी ही पद्धत काटेकोर पाळली असती तरी फुप्फुसातला तो डाग नवव्या वर्षाच्या तपासणीत हाताला लागला नसता, हेही कबूल करते.

पण लक्षण दिसलंच होतं की. खोकला हेच लक्षण होतं. ते लक्षण कुणाचं, हे ओळखायला लागणारी माहिती त्या खोलीत नव्हती. मी मागते आहे ती ही माहिती; स्कॅन मागत नाही. एका पायाला सूज येते, ती ग्रंथी काढल्यामुळेही येऊ शकते आणि ओटीपोटात आजार परतल्यामुळेही. कंबरेतून पायात जाणारी कळ मणक्याची असू शकते, नसूही शकते. मानेच्या डाव्या बाजूला, खांद्याकडे जाणाऱ्या हाडाच्या वर, सुपारीएवढी गाठ लागली तर कुणी म्हणेल दाताचं काही असेल. नाक्यावरचा जनरल प्रॅक्टिशनर दिवसाला साठ-सत्तर पेशंट बघतो. त्याला हा फरक कळावा असं वाटत असेल, तर ‘पिशवी काढलीय’च्या पुढचं वाक्य त्याच्या कानावर पडलं पाहिजे. आणि ते लवकर पडण्याने फरक पडतो. आधी शेक न घेतलेल्या बाईला ओटीपोटातच आजार परतला, तर शेक आणि केमो देऊन तो पुन्हा बरा होण्याची शक्यता असते. फुप्फुसात एकच गाठ असेल तर काही जणींची ती काढताही येते. एकाच्या तीन झाल्या की बोलण्याची भाषाच बदलते.

डॉक्टर बाईंना मी दुर्बिणीच्या ऑपरेशनची आठवण करून दिली, तेव्हा त्या जरा थांबल्या. पोटावर मोठा चिरा न घेता दुर्बिणीतून हे ऑपरेशन करणं सगळ्यांनाच आवडत होतं: रक्त कमी जातं, बाई तिसऱ्या दिवशी घरी, व्रण दिसत नाही. दोन्ही पद्धती सारख्याच, असंच धरून चाललं होतं. मग ६३१ बायकांवर एक आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या बायका दोन गटांत वाटून, आणि २०१८ साली निकाल छापून आला. साडेचार वर्षांनी आजार परत न येता जिवंत असलेल्या बायका उघड्या ऑपरेशनच्या गटात ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. चाचणीत नव्या बायका घेणं मध्येच थांबवावं लागलं. जगभरच्या शल्यविशारदांनी आपली सवय बदलली. ऑपरेशन टेबलावर दुर्बीणच सरस दिसत होती, डिस्चार्जच्या दिवशीही तीच सरस होती. फरक दिसला तो वर्षानुवर्षं त्या बायकांच्या मागे कुणीतरी राहिलं म्हणून. बाईला विसरणारी व्यवस्था आपलीच चूक कळण्याचा रस्ताही बंद करून बसते.

यासाठी परदेशातच बघायला हवं असंही नाही. ऐरोलीहून पनवेल लोकल पकडली की अर्ध्या-पाऊण तासात खारघर येतं. तिथल्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच कॅन्सर संशोधन केंद्रात आणि परळच्या टाटा रुग्णालयात मिळून, याच कॅन्सरच्या ऑपरेशननंतर शेक लागलेल्या ३०० बायकांचा अभ्यास झाला. जुन्या पद्धतीने शेक दिलेल्यांत तीन वर्षांत आतड्याचा उशिरा उद्भवणारा, मध्यम किंवा तीव्र त्रास ४२.४ टक्के जणींना झाला, प्रतिमा बघत नेमक्या जागी शेक दिलेल्यांत २१.१ टक्के. निम्मा. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. वारंवार संडासला धावावं लागणं, लग्नाकार्यात पाण्याचा घोटही न घेता बसणं, एसटीचा प्रवास टाळणं, या गोष्टी बाई आईलाही सांगत नाही; त्या मोजल्या गेल्या कारण कुणीतरी तीन वर्षं, पाच वर्षं विचारत राहिलं. आपल्या दारातल्या संस्थेला हे जमतं. अभ्यासात नाव असलेल्या बाईला फोन येतो. अभ्यासाबाहेरच्या बाईला का येऊ नये?

कॅन्सरच्या मोजणीतही हीच गत. मुंबईत १९६३ पासून कॅन्सरच्या रुग्णांची नोंद होते, देशातली पहिली अशी नोंदवही. पण नोंद होते ती निदानाच्या वेळी, एकदाच. परत आलेला कॅन्सर नवा रुग्ण म्हणून मोजत नाहीत, आणि मोजू नये हे शास्त्राला धरूनच आहे. परिणाम असा की २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू, हे सांगता येतं. पण त्या ८० हजारांतल्या किती जणींना एकदा ‘तुम्ही बऱ्या झालात’ असं सांगितलं गेलं होतं, ते या आकड्यांतून कळत नाही. वहिनी २०१४ च्या रकान्यात आहेत. २०२३ च्या कुठल्याच रकान्यात नाहीत.

आणखी एक आक्षेप, आणि तो सगळ्यात वजनदार. आधी लस द्या, आधी तपासणी करा, ऑपरेशन झालेल्या मूठभर बायकांचं नंतर बघू. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, आताच्या धाराशिवच्या, गावांत १ लाख ३१ हजार बायकांवर झालेल्या अभ्यासाने २००९ मध्येच दाखवलं होतं की एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची, तपासणी एकदा जरी झाली तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या कार्यकर्तींनी नुसतं व्हिनेगर लावून तपासलं, तरी मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या विषाणूवरची पुण्यात बनलेली लस २०२३ च्या जानेवारीपासून बाजारात आहे. सगळं आपल्याच मातीत सिद्ध झालेलं, आणि तरी १.९. तेव्हा पैसा तिकडे आधी जावा, याला माझा विरोध असण्याचं कारण नाही.

फक्त पुढचा हिशेब करून बघा. तपासणी वाढली म्हणजे काय होणार? तिसऱ्या-चौथ्या स्टेजला येणाऱ्या बायका कमी होतील आणि पहिल्या स्टेजला सापडणाऱ्या वाढतील. चाळिशीत ऑपरेशन होऊन सत्तरीपर्यंत जगणाऱ्या बायका. म्हणजे तपासणीची मोहीम जितकी यशस्वी, तितक्या ‘पिशवी काढलीय’ म्हणणाऱ्या आणि मागे कॅन्सर असलेल्या बायका आपल्या शहरांत जास्त. दिव्यात, मुंब्र्यात, दिघ्यात, तुर्भ्यात. त्यांची वही उघडायची वेळ तपासणीबरोबरच येते, नंतर नाही.

दुसऱ्या टोकाला आणखी वाईट प्रकार घडतो. अंगावर जातंय म्हणून पॅप (गर्भाशयमुखावरच्या पेशींची तपासणी) किंवा बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) न करताच पिशवी काढतात, आणि दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो तो कॅन्सरचा. लहान ऑपरेशन झालेलं असतं, जे मोठं व्हायला हवं होतं. तोवर टाके निघालेले, बाई गावी गेलेली, रिपोर्ट काउंटरवर पडून. काही ठिकाणी काढलेली पिशवी तपासणीला पाठवतच नाहीत. नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवतात आणि संपलं. अशा बाईला पुढे शेक लागतात, आणि लागतात हेच तिला कुणी कळवत नाही. यावर मी फार लिहीत नाही, कारण इथे वादच नाही. आधी तपासल्याशिवाय पिशवी काढू नये, काढलेली तपासल्याशिवाय टाकू नये, आणि रिपोर्ट बाईच्या हातात पडल्याशिवाय फाइल मिटवू नये.

आता माझ्या घरचं. वहिनी दोन वर्षं नेमाने तपासणीला गेल्या. पारसिक नगरात चार घरी पोळ्या करायच्या. तपासणीच्या दिवशी चारही घरी खाडा, एका घरी त्याचे पैसे कापत. ऑपरेशन केशरी रेशनकार्डावर, त्या वेळच्या जीवनदायी योजनेतून फुकट झालेलं, पण तपासणीचा दिवस फुकट पडत नाही. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन करणारे डॉक्टर दुसरीकडे गेले, आणि त्याच वर्षी पुतणीचं लग्न ठरलं. एक दिवस वहिनी माझ्याकडे ऐरोलीला आल्या, साडीच्या दुकानाच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ती फाइल घेऊन. म्हणाल्या, “तुझ्याकडे ठेव. व्याही येतील-जातील, कुणाच्या हाताला लागली तर उगाच. हा आजार असला.” ‘असला’ म्हणजे कसला, हे आम्ही दोघी बोललो नाही. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, आणि लग्न झालेल्या बहुतेक बायकांना कधी ना कधी त्याचा संसर्ग होऊन आपोआप जातो, हे दोघींपैकी कुणालाच तेव्हा माहीत नव्हतं. ती पिशवी मी माळ्यावर टाकली.

तर २०२३ च्या पावसाळ्यात मी त्या स्टुलावर बसले होते आणि डॉक्टरांनी विचारलं, आधी काही ऑपरेशन. उत्तर माझ्या घराच्या माळ्यावर होतं. मी ग्रॅज्युएट, महाप्याच्या एका कंपनीत अकाउंट्स बघणारी. मीही गप्प बसले. लपवायचं म्हणून नव्हे. नऊ वर्षं झाली होती, खोकल्याशी त्याचा संबंध असेल हे मनातच आलं नाही. म्हणून मी म्हणते की ही आठवण घरच्यांवर सोडू नका. आम्ही ती प्रेमाने पुरून ठेवतो.

नंतर त्या पिशवीने मला ठाण्याला नेलं. फुप्फुसातला कॅन्सर तिथलाच की जुना परतलेला, हे ठरवायला डॉक्टरांना २०१४ चा ब्लॉक हवा होता. ब्लॉक म्हणजे ऑपरेशनच्या वेळच्या तुकड्याचा मेणात बसवलेला ठोकळा. लॅब नौपाड्यातून हललेली होती, नव्या जागी जुनी रजिस्टरं पोत्यात. दुसऱ्या खेपेला तो मिळाला: आगपेटीपेक्षा लहान, पिवळट मेण, मध्ये नखाएवढा करडा तुकडा, कडेला पेन्सिलने आकडा. वर्षानुवर्षं शाबूत. फाइल नसती तर तो आकडा मला सांगता आला नसता, आणि आकडा नसता तर त्या कपाटांत तो सापडला नसता. देणाऱ्या गृहस्थांनी सही घेतली आणि म्हणाले, अजून उशीर केला असता तर हे वर्ष आम्ही टाकूनच देणार होतो, जागा कुठे आहे.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन महापालिकांनी ठरवलं तर याला नवी इमारत लागत नाही. ऑपरेशननंतर घरी जाताना बाईला मराठीत एक पान मिळावं: कशासाठी ऑपरेशन झालं, काय काढलं, ब्लॉकचा क्रमांक, कोणत्या त्रासाला थांबायचं नाही, कुठल्या नंबरावर फोन करायचा. तिला हिंदी किंवा उर्दू सोयीची असेल तर त्या भाषेत. त्या पानाची एक प्रत तिच्या वॉर्डातल्या आरोग्य केंद्राकडे जावी आणि वर्षातून एक फोन व्हावा, टीबीच्या पोरीने केला तसा, पंधरा वर्षं तरी. नाव गुप्त राहावं. फोनवर ‘महापालिकेतून बोलतेय’ एवढं पुरे, व्याह्यांनी उचलला तरी हरकत नाही. आणि आरोग्य केंद्रापासून कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत, केस पेपरवर ‘आधीची ऑपरेशन्स’ या रकान्यासमोर आणखी एक शब्द छापावा: ‘कारण’.

भीतीबद्दल मी वहिनींनाच विचारलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं की हा परत येऊ शकतो, तर नऊ वर्षं धास्तीत गेली नसती का? त्या कोथिंबीर निवडत होत्या. म्हणाल्या, “गेली असती थोडी. गॅस सिलिंडरची पण धास्ती असतेच की. म्हणून काय कुणी सांगत नाही का, वास आला तर बटण दाबू नका म्हणून?”

सध्या त्यांना तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषधं देतात. केमोबरोबर बेव्हॅसिझुमॅब नावाचं एक आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने परतलेल्या आणि पसरलेल्या आजारात सरासरी आयुष्य १३.३ महिन्यांवरून १७ महिन्यांवर नेलं होतं. तो आकडा मला माहीत आहे, वहिनींना मी सांगितलेला नाही. त्यांनी विचारलेलाही नाही. विचारलं तर सांगेन. ते मराठीतलं पान मात्र मीच टाइप केलं, ऑफिसच्या प्रिंटरवर काढलं, आणि रेशनकार्डाच्या कव्हरात घालून त्यांच्या पर्समध्ये ठेवलं.

मागच्या महिन्यात त्यांची अक्कलदाढ दुखायला लागली. खारेगावच्या दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. खुर्चीत बसवून, तोंड उघडायला सांगण्याआधी त्यांनी विचारलं, आधी काही ऑपरेशन वगैरे? वहिनींनी पर्स उघडली. डॉक्टरांनी पान दोनदा वाचलं, औषधाच्या नावाखाली बोट धरलं, म्हणाले, याच्यावर असताना दाढ काढली तर जखम लवकर भरत नाही, तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी आधी बोलतो. गोळ्या लिहून दिल्या. दाढ अजून तोंडातच आहे.